मसुदा आणा, सही देतो

शिफारसपत्र मागायला कुणी गेलं की सर मान वर न करता म्हणायचे, “मसुदा आणा, सही देतो.”

त्यांचंही काही चुकत नव्हतं म्हणा. तिघांचं काम एकट्याच्या गळ्यात. सात विषय, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, वर परीक्षा समिती आणि घरी आजारी बायको. अशा माणसानं कुणाकुणाची स्तुती लिहीत बसायचं? त्यामुळे कॉलेजात पद्धतच पडून गेली होती. ज्याची शिफारस त्यानं स्वतः लिहून आणायची, सर खाली सही ठोकणार, की झालं. न वाचता. वाचायला लागले असते तर निवृत्त होईपर्यंत वाचतच बसले असते.

आता गंमत बघा. कायद्याची पोरं ही. दुसऱ्याच्या बाजूने तासभर तोंडाचा पट्टा चालवतील, पण “मी कसा आहे” हे चार ओळींत लिही म्हटलं की घोडं पेंड खायचं. मग ती सगळी वरात यायची मसुदाताईकडे.

मसुदाताई त्यांच्याच वर्गातली. वय चौतीस, बाकीच्यांपेक्षा बारा वर्षांनी मोठी. सकाळी सात ते साडेदहा कॉलेज आणि अकरा ते सहा नोटरीसाहेबांच्या ऑफिसात टायपिंग, असा तिचा दिवस. प्रतिज्ञापत्रं, मुखत्यारपत्रं, हक्कसोडपत्रं. नऊ वर्षं तेच. बोटं इतकी सरावलेली की समोरचा माणूस रडत असला तरी टाइप करताना चूक व्हायची नाही. तिच्या हातचा मसुदा म्हणजे सोनं, असं पोरं म्हणायची, आणि तिचं खरं नाव विसरून सगळे तिला मसुदाताईच म्हणायचे. शिक्षकसुद्धा.

ती कुणालाही उगाच चढवून लिहीत नसे. पोराला समोर बसवायची आणि विचारायची, “वर्षभरात तुझ्याकडून एक तरी धड गोष्ट घडली का? आठव.” पोरगं डोकं खाजवायचं. मग तिलाच आठवायचं. तिला सगळ्यांचं सगळं आठवायचं. कोण ग्रंथालयातून फाटलेला खंड घेऊन गेला आणि बांधून परत आणून दिला, कोणी चुकीचा निवाडा सांगितला आणि दुसऱ्या दिवशी आपणहून उभं राहून कबूल केलं. तेवढंच ती लिहायची, साध्या भाषेत. वाचणाऱ्याला वाटायचं, या सरांचं किती बारीक लक्ष आहे हो विद्यार्थ्यांवर!

तर त्या वर्षी असं झालं. कॉलेजात एक ‘आशिया-पॅसिफिक कायदा अभ्यास कक्ष’ होता. नाव हे एवढं मोठं आणि खोली बघाल तर जिन्याखालची, पूर्वी तिथे झाडू आणि बादल्या असायच्या. कक्षाच्या बाई एकट्याच. त्या दर महिन्याला बोर्डावर नवे कागद डकवायच्या. उन्हाळी वर्ग, अभिरूप न्यायालयाची, म्हणजे लुटुपुटूच्या खटल्याची स्पर्धा, संशोधन पत्रिकेत मदतनीस, बेटांवरच्या न्यायालयात उमेदवारी. कुणी ढुंकून बघत नसे. सगळ्यांच्या नजरा पश्चिमेकडे. एकदा एका पठ्ठ्यानं येऊन विचारलं, “बाई, तिकडे समुद्रात पोहता येतं का?” बाई म्हणाल्या, “बुडताही येतं. अर्ज करतोस?”

मसुदाताई मात्र बोर्डासमोर उभी राहून प्रत्येक कागद वाचायची. तीन वर्षं वाचत होती. आणि त्या वर्षी बोर्डावर एका बेटांच्या देशातल्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती लागली. एक वर्ष, राहण्याखाण्यासकट. विषय, रूढीनं चालत आलेला जमिनीचा हक्क. कॉलेजाला जागा एकच.

हा विषय तिच्या डोक्यात कसा शिरला, तर ऑफिसातूनच. नऊ वर्षांत तिनं हक्कसोडपत्रं किती टाइप केली असतील! भाऊ बहिणीला घेऊन यायचे, बहीण सही करायची, डोळे पुसायची आणि “काही नाही हो, धूळ गेली” म्हणायची. तिनं स्वतःही दादाला तशी सही दिली होती. स्वतःच टाइप केलं होतं आणि वर दादाला विचारलं होतं, “समास ठीक आहे ना?” मग एकदा ग्रंथालयात तिच्या हाताला त्या बेटांवरचे निवाडे लागले. तिथे म्हणे जमीन एकट्या माणसाची नसतेच, कुळाची असते. विकायचा प्रश्नच नाही. काही ठिकाणी ती आईकडून येते. साक्षीदार कोर्टात कागद आणत नाही, उभा राहतो आणि आपल्या पूर्वजांची नावं एकामागून एक म्हणतो, आणि न्यायाधीश ती लिहून घेतो. ती उभ्याउभ्याच वाचत राहिली. त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला, साहेब बोलले, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

तिला जायचं होतं. अगदी मनापासून, पोटातून जायचं होतं. आईला सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “वर्षभर? मग माझ्या गुडघ्यांचं कोण बघणार?” वहिनी मात्र म्हणाली, “मी बघेन. तुम्ही जा हो ताई. कुणीतरी जा या घरातून.” ते ऐकून तिला इतकं भरून आलं की ती भांडी घासायला निघून गेली.

निबंध तिनं पाच महिने लिहिला. अठरा पानं. रविवार रविवार बसून, डोळे चुरचुरेपर्यंत.

आणि शिफारसपत्रं? त्या शिष्यवृत्तीला तिच्यासकट सहा जणांनी अर्ज केले. पाचांची पत्रं मसुदाताईनंच लिहिली. आता तुम्ही म्हणाल, बाई वेडी आहे का? आपल्याच विरुद्ध उभ्या राहणाऱ्यांची शिफारस आपणच लिहायची? पण तिच्या ते मनातही आलं नाही. पोरं आली, “ताई, उद्या शेवटची तारीख,” म्हणाली, आणि तिची बोटं चालू झाली. त्यातलं सगळ्यात चांगलं पत्र उतरलं चिमणीचं. चिमणी म्हणजे वर्गातली सगळ्यात लहान पोर, अखंड चिवचिव. अभिरूप न्यायालयात एकदा तिला कलम आठवेना, तर थापा न मारता सरळ म्हणाली, “मला येत नाही, मी शोधून सांगते,” आणि दुसऱ्या दिवशी परीक्षकाच्या घरी जाऊन सांगून आली. मसुदाताईनं ते जसंच्या तसं लिहिलं, आणि लिहिता लिहिता तिलाच त्या पोरीचं कौतुक वाटलं.

स्वतःचं पत्र तिनं सगळ्यांत शेवटी लिहायला घेतलं. शेवटच्या दिवशी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, एका हातात पोळी. पहिलं वाक्य लिहिलं, “ही विद्यार्थिनी अतिशय हुशार आहे.” तिची तिलाच लाज वाटली. पुसलं. “हिचा अभ्यास खोल आहे.” छे! असं कुणी स्वतःबद्दल म्हणतं का? लहानपणापासून घरात ऐकलेलं, आपल्या तोंडानं आपली स्तुती करू नये. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय, ती अशी एका दुपारी सुटते होय! बाहेर दोन गिऱ्हाईकं ताटकळत होती, साहेब हाका मारत होते. शेवटी तिनं लिहिलं, “सदर विद्यार्थिनी नियमित हजर असते. कष्टाळू आहे. वर्तणूक चांगली आहे. तिच्या अर्जाचा विचार व्हावा.” म्हणजे वर्तणुकीचा दाखलाच की हो तो! पण तेव्हा तिला वाटलं, पुरे झालं, निबंध आहे ना. सरांनी सहाच्या सहा पत्रांवर सह्या केल्या. नेहमीसारख्या, न वाचता.

निकाल लागला. चिमणीला मिळाली.

चिमणी उड्या मारत आली आणि गळ्यातच पडली. “ताई गं, काय लिहिलं होतंस तू माझ्या पत्रात! मुलाखतीत सगळे त्याच्यावरच विचारत होते. त्या परीक्षकाच्या घरी गेलीस तेव्हा काय झालं, सांग म्हणाले. मग मी सुटलेच.” आणि एकदम थांबून म्हणाली, “तू पण अर्ज केला होतास ना गं? तुला मुलाखतीला का नाही बोलावलं?”

“नसेल आवडला निबंध,” मसुदाताई म्हणाली. “तू जा. छान कर.” पोरीवर राग तरी कसा धरायचा? ती खरंच चांगली होती. तसं पत्रच होतं.

दुसऱ्या दिवशी कक्षाच्या बाईंनी तिला जिन्याखाली हाक मारली आणि दार लोटून घेतलं. बाई नेहमी फटकळ, पण त्या दिवशी खुर्ची पुढे सरकवली. “बस. हे मी सांगायला नको, पण नाही सांगितलं तर मला झोप लागायची नाही. निबंधात तू पहिली होतीस. सहांत पहिली. मग तिथल्या विद्यापीठवाल्यांनी पत्रं उघडली. मला फोन करून विचारलं, हे सर या विद्यार्थिनीला ओळखतात का? बाकी सगळ्यांबद्दल एवढं मायेनं लिहिलंय, आणि हिच्याबद्दल चार ओळी. काही भानगड आहे का? सांगता येत नाही असं काही आहे का? मी म्हटलं, अहो, मुलगी सोन्यासारखी आहे. तर म्हणाले, ते सरांनी लिहायला हवं होतं.”

मसुदाताईला सगळ्यात आधी काय वाटलं असेल? तर आता झोपावंसं. इथेच, या खुर्चीत. नऊ वर्षांचा शीण एकदम पायांत उतरल्यासारखं झालं. दुसऱ्यांची पाच पत्रं आपण मन लावून लिहिली आणि त्या पाच पत्रांनीच आपल्याला पाडलं. तिची चार ओळींची चिठ्ठी एकटी असती तर खपूनही गेली असती. इतरांच्या शेजारी ठेवली म्हणून ती संशयास्पद दिसली. दोष कुणाला द्यायचा? आपलेच दात, आपलेच ओठ.

“रडू नकोस,” बाई म्हणाल्या.

“नाही रडत. धूळ आहे इथे.”

“ती आहेच. झाडूंची खोली ही.” बाईंनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. “हे बघ. त्याच विद्यापीठाचं, तीन महिन्यांचं. जमिनीच्या जुन्या निवाड्यांची सूची करायची आहे. शिष्यवृत्तीइतकं मानाचं नाही, पण तिथेच बसून करायचं. आज पाच वाजता मुदत संपते. निबंध तोच चालेल. पत्र मात्र नवं हवं. आणि ऐक, पुढच्या महिन्यात तुझी परीक्षा, मग तू विद्यार्थिनी राहणार नाहीस. ही शेवटची गाडी आहे.”

मसुदाताईनं घड्याळ बघितलं. साडेदहा. तिनं साहेबांना फोन लावला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा म्हणाली, “साहेब, मी आज येत नाही.” पलीकडे साहेब काहीतरी बोलत होते. तिनं “हो” म्हणून फोन ठेवला.

सर खोलीत होते. टेबलावर उत्तरपत्रिकांची चळत, तिच्यावर गार झालेला चहा, डोक्यावर खडखडणारा पंखा. तिला बघून म्हणाले, “या मसुदाताई. काय, सही ना? ठेवा तिथे.”

“मसुदा आणलेला नाही सर.”

“मग करून आणा. मी आहे बारापर्यंत.”

“नाही सर. तुम्ही लिहा.”

सरांनी चष्मा काढला. त्यांचेही डोळे सुजलेले. “अहो, सगळ्या कॉलेजची पत्रं तुम्ही लिहिता. तुमच्यापेक्षा चांगलं मला येणार आहे का?”

“तेच तर झालं ना सर!” तिचा आवाज चढला, आणि तिलाच त्याचं नवल वाटलं. मग तिनं सगळं सांगितलं. निबंधात पहिली आल्याचं, त्या चार ओळींचं, फोनवर आलेल्या प्रश्नाचं. “त्यांनी विचारलं, सर हिला ओळखतात का म्हणून. मी काय उत्तर देणार? ते तुम्हीच सांगा.”

सरांनी पेन उघडलं, कोरा कागद ओढला आणि वर तारीख घातली. म्हणाले, “पूर्ण नाव सांगा.”

तीन वर्षं. पहिला बाक. तिनं नाव सांगितलं. अगदी वडिलांच्या नावासकट. सरांनी ते लिहिलं आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

“काय लिहू, सांगा ना.”

“मी नाही सांगणार सर.”

“अहो, पण मुद्दे तरी...”

“तीन वर्षं तुमच्यासमोर बसले. काय दिसलं ते लिहा.”

पंखा खडखडत राहिला. मग सर हळूच म्हणाले, “काही दिसलं नाही हो. खोटं कशाला बोलू? तुम्ही कधी चुकला नाहीत, कधी उशिरा आला नाहीत, कधी काही मागितलं नाहीत. अशा माणसाकडे बघायला कुणाला सवड असते?” आणि मग आणखी हळू, “निबंध आहे का जवळ?”

तिनं पिशवीतून अठरा पानं काढून दिली. सरांनी उत्तरपत्रिका उचलून जमिनीवर ठेवल्या आणि वाचायला घेतलं. पहिलं पान, दुसरं पान. पेन्सिलीनं समासात एक रेघ. ती समोर बसून राहिली. अकरा वाजले, तिला ऑफिसची आठवण झाली. काय लिहितील? की मुळीच लिहिणार नाहीत? विचार करता करता तिची मान खाली गेली आणि तिला झोप लागली. खरीखुरी गाढ झोप, तोंड थोडं उघडं ठेवून.

जागी झाली तेव्हा दीड वाजला होता. दाराबाहेर पोरांची कुजबुज चालू होती आणि सर कुणालातरी सांगत होते, “आज तास नाही. जा.” दार लावून ते परत बसले. पुढ्यातला कागद दोन्ही बाजूंनी भरलेला होता. अक्षर वाकडंतिकडं, दोन ठिकाणी खोडलेलं.

“बाराव्या पानावर तो म्हातारा साक्षीदार आहे ना,” सर म्हणाले, “पूर्वजांची नावं म्हणता म्हणता मधे एक विसरतो आणि न्यायाधीश त्याची वाट बघत बसतो. ते तुम्हाला कुठे मिळालं?”

“निकालाच्या तळटीपेत सर. कुणी तळटीप वाचत नाही.”

“मीही वाचली नसती.” त्यांनी सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला. “बघून घ्या. माझी भाषा काही तुमच्यासारखी नाही. चुकलं असेल तिथे दुरुस्त करा.”

तिनं कागद हातात घेतला, न वाचता घडी घातली आणि पाकिटात घालून चिकटवला. “राहू दे सर. तुमचं तसंच जाऊ दे.”

जिन्याखालच्या खोलीत बाईंनी पाकीट घेतलं आणि टरकन फोडलं. “अगं, स्कॅन करून पाठवायचंय. बंद पाकीट काय समुद्रातून पोहत जाणार आहे?” कागद उलगडला आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला लागल्या, “या विद्यार्थिनीच्या मागच्या अर्जासोबत माझ्या सहीचं जे पत्र गेलं, ते मी लिहिलं नव्हतं आणि वाचलंही नव्हतं. ही गेली तीन वर्षं माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसत आली आणि मी तिला आज पहिल्यांदा वाचलं. दोष माझा आहे, तो तिच्या नावावर मांडू नये. तिच्या निबंधातून मी आज जे शिकलो ते असं...”

बाई थांबल्या. “सरांनी हे असं लिहून दिलं? सही करून? अगं, उद्या यावरून त्यांनाच कुणी जाब विचारला तर?”

“मला माहीत नव्हतं,” मसुदाताई म्हणाली. तिनं हात पुढे केला आणि परत मागे घेतला. घ्यावं का परत? घेतलं तर ही शेवटची गाडीही गेली. दिलं तर म्हाताऱ्या माणसाच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्याच्याच हातचा कबुलीजबाब.

बाई तिच्याकडे बघत होत्या. “सांग. पाठवू की वर जाऊन बदलून आणतेस? अजून तीन तास आहेत. चार गोड ओळी तू इथेच बसून लिहिशील, आणि ते सहीही करतील.”

लिहिल्या असत्या. पाच मिनिटांचं काम. बोटांना सवयच होती ती. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिला इतका थकवा आला, इतका, की वाटलं, जन्मभर दुसऱ्यांना सांभाळून घेण्याचा हा थकवा असणार. सरांना, दादाला, पोरांना. सरांनी समजून उमजून लिहिलं होतं. दोनदा खोडून लिहिलं होतं. शहाण्या माणसानं स्वतःच्या हातानं दिलेलं आपण परत का करायचं?

“पाठवा,” ती म्हणाली.

“नक्की?”

“नक्की. आणि बाई, वर माझं पूर्ण नाव नीट आलंय का तेवढं बघा.”

बाईंनी चष्मा सरकवून बघितलं. “आलंय,” म्हणाल्या, आणि मशीनमध्ये कागद घातला.